सायकलच्या हबमधील गिअर : टिकाऊपणाच्या पुराव्याचा एक ऐतिहासिक विचार

१. विषयाची मांडणी

सायकलच्या मागील चाकाच्या मध्यभागी असणाऱ्या, मुठीत मावेल अशा पोलादी डबीत दंतचक्रे बसवून चालकास तीन किंवा अधिक गती उपलब्ध करून देण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी व्यवहारात आली. बैलगाडीच्या चाकाच्या ज्या भागास आपण तुंबा म्हणतो, त्याच जागी सायकलच्या चाकात जो भाग असतो, त्यास दुकानदारापासून ग्राहकापर्यंत सर्वजण ‘हब’ म्हणतात. प्रस्तुत लेखातही तोच शब्द वापरला आहे. ज्या हबच्या पोटात गिअर असतात, त्या हबचा, आणि त्यातही इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे तयार झालेल्या स्टर्मी-आर्चर हबचा, हा विचार आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने यंत्राच्या इतिहासात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या हबविषयी जे विधान सर्वत्र ऐकू येते, त्याच्या मुळाशी एक शब्द आहे आणि तो शब्द पुरेसा तपासला गेलेला नाही. नॉटिंगहॅमचा तीन गतींचा हब ‘टिकाऊ’ होता, किंबहुना तो झिजतच नसे, असे सायकलींच्या जाणकारांत परंपरेने मानले जाते. परंपरा खोटी असतेच असे नाही; परंतु ती कोणत्या पुराव्यावर उभी आहे हे पाहिल्याखेरीज तिला इतिहास म्हणता येत नाही.

मराठीत वस्तूच्या आयुष्याविषयी बोलताना आपण निदान तीन विशेषणे वापरतो : दणकट, चिवट आणि टिकाऊ. ती समानार्थी भासतात, पण आहेत मात्र भिन्न. दणकट म्हणजे जे आघात सोसते. मुसळ दणकट असते. चिवट म्हणजे जे हेळसांड सोसते. हरळी चिवट असते. टिकाऊ म्हणजे जे काळ सोसते. पहिल्या दोन गुणांवाचून तिसरा संभवतो का, आणि पहिले दोन असले म्हणजे तिसरा आपोआप येतो का, हे दोन प्रश्न या लेखाच्या मध्यभागी आहेत.

२. पूर्वपीठिका आणि नावांचा घोटाळा

एका स्थिर चक्राभोवती दुसरे दातेरी चक्र फिरते ठेवून वेग बदलण्याची कल्पना सायकलीहून पुष्कळ जुनी आहे. जेम्स वॉट यांनी १७८१ साली आपल्या वाफेच्या यंत्रासाठी अशा रचनेचे पेटंट घेतले व तिला सूर्य आणि ग्रह यांचे नाव मिळाले. पुढील काळातील सर्व अंतर्गत गिअरांची परिभाषा या एका रूपकावर उभी आहे. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती ग्रहचक्रे आणि त्या सर्वांना वेढणारे, आतील बाजूस दाते असलेले वलयचक्र, अशी ही लहानशी सूर्यमाला असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इंग्लंडमध्ये ‘क्रिप्टो’ या नावाने विकले जाणारे सायकलींचे गिअर याच तत्त्वावर चालत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘गुप्त’ असा आहे. यंत्र दृष्टीआड असणे हा विक्रेत्यांना तेव्हाही गुण वाटत होता. तोच गुण दुरुस्तीच्या दृष्टीने पुढे प्रश्न कसा ठरला, हे यथावकाश पाहू.

मागील चाकाच्या हबमध्ये गिअर बसविण्याच्या प्रयत्नांत सॅलफर्ड येथील विल्यम रायली यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांनी १८९६ साली दोन गतींच्या हबचे पेटंट घेतले व १८९८ पासून तो ‘द हब’ या सुटसुटीत नावाने विक्रीस आला. यानंतर रायली यांनी तीन गतींचा हब रचला. परंतु पूर्वीच्या कंपनीशी झालेल्या करारामुळे नव्या शोधावर स्वतःचे नाव घालणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून पेटंट घेतले गेले ते त्यांचे सहकारी जेम्स आर्चर यांच्या नावाने. याच सुमारास, म्हणजे १९०१ साली, हेन्री स्टर्मी यांनीही तीन गतींच्या हबची स्वतंत्र रचना करून तिचे पेटंट मिळविले. स्टर्मी हे मूळचे शिक्षक, पुढे पत्रकार. सायकलविषयक पत्राचे संपादन केल्यावर १८९५ साली ‘ऑटोकार’ या नियतकालिकाचा आरंभ त्यांनीच केला. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे प्रमुख फ्रँक बोडन यांनी दोन्ही पेटंटांवर अधिकार मिळवून एक स्वतंत्र संस्था उभारली आणि १९०३ साली तीन गतींचा हब बाजारात आणला. तोच स्टर्मी-आर्चर होय.

या नावाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. बाजारात आलेल्या पहिल्या हबची रचना मुख्यत्वे रायली यांची होती. म्हणजे नावाच्या पूर्वार्धात ज्यांचा उल्लेख आहे त्यांची रचना वापरली गेली नाही, आणि उत्तरार्धात ज्यांचा उल्लेख आहे ते तिचे मूळ रचनाकार नव्हते. ज्यांनी ती रचली त्यांचे नाव पेटंटावरही नाही आणि हबच्या पोलादावरही नाही. लक्षावधी वस्तूंवर कोरलेले नाव हा इतिहासकाराला भक्कम पुरावा वाटतो. पण कोरलेले अक्षर करार सांगते, कर्तृत्व सांगतेच असे नाही. ताम्रपटांचे वाचन करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. कारखान्यातील मालालाही तोच न्याय लावावयास हवा.

आणखी एक घोटाळा याच प्रकारचा आहे. गिअर बदलण्यासाठी आवरणातून जाणारी जी तार असते, ती बोडन-तार म्हणून ओळखली जाते. तिच्या यंत्रणेचे पेटंट १८९६ साली अर्नेस्ट बोडन यांनी घेतले. रॅलेचे फ्रँक बोडन हे निराळे गृहस्थ. आडनाव एक असल्याने दोघांना एकच समजणारे लेखन आजही आढळते.

३. यंत्राची रचना

पुढील तीन दशकांत या हबचे अनेक नमुने निघाले. त्यांपैकी १९३६ च्या सुमारास प्रचारात आलेला ‘ए-डब्ल्यू’ हा नमुना सर्वांत दीर्घायुषी ठरला. टिकाऊपणाची कीर्ती मुख्यतः त्याचीच असल्याने त्याचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे.

याचे सूर्यचक्र हबच्या आसावर पक्के बसविलेले असते व त्यास २० दाते असतात. प्रत्येक ग्रहचक्रासही २० दाते असून ही ग्रहचक्रे एका पिंजऱ्यात बसविलेली असतात. सर्वांना वेढणाऱ्या वलयचक्रास ६० दाते असतात. आता हिशेब सोपा आहे. पिंजरा एक फेरा फिरला की वलयचक्र एक अधिक वीस भागिले साठ, म्हणजे एक आणि एक-तृतीयांश फेरे फिरते. उलट, वलयचक्र एक फेरा फिरविले तर पिंजरा पाऊण फेराच फिरतो. साखळीचे बळ पिंजऱ्याला द्यावयाचे की वलयचक्राला, आणि हबच्या कवचाने ते कोणाकडून घ्यावयाचे, एवढ्या निवडीवर तिन्ही गती सिद्ध होतात.

ही निवड करणारा भाग म्हणजे आसावर सरकणारा एक क्लच. चढणीच्या गतीत बळ वलयचक्रास मिळते व कवच पिंजऱ्याच्या खिट्यांनी ओढले जाते. चाक साखळीच्या चक्राच्या पाऊणपट फिरते. मधल्या गतीत वलयचक्रच थेट कवचास फिरविते. ग्रहचक्रे फिरतात, परंतु भार वाहत नाहीत. सपाटीच्या वेगवान गतीत बळ पिंजऱ्यास मिळते व वलयचक्र कवचास एक आणि एक-तृतीयांश पट वेगाने नेते. बळाचे वहन प्रत्येक वेळी लहान, स्प्रिंग लावलेल्या खिट्यांमार्फत होते. मधल्या व वेगवान गतीत पिंजऱ्याच्या खिट्या मागे पडून कवचाच्या दातांवरून घसरत राहतात. म्हणूनच पायडल मारीत असतानाही या हबमधून मंद टिकटिक ऐकू येते, आणि चढणीची गती लावताच ती थांबते. कान तयार असलेला चालक खाली न पाहता आपण कोणत्या गतीत आहो हे सांगू शकतो.

या वर्णनातून एक मर्म हाती लागते. रोजच्या वापरात सर्वाधिक वेळ लावली जाणारी गती म्हणजे मधली. आणि नेमक्या त्याच गतीत दंतचक्रांवर भार नसतो. जे दाते झिजावयाचे, ते बहुतांश काळ विनाभार फिरत असतात. रचनाकारांनी थेट गती मध्यभागी ठेवली, या एका निर्णयात हबच्या दीर्घायुष्याचा बराच भाग सामावलेला आहे.

४. पुराव्याची छाननी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा हब टिकत असे, हे आपणांस कशावरून कळते?

पहिला पुरावा हबच्या अंगावरच आहे. ए-डब्ल्यू हबच्या कवचावर नमुन्याच्या अक्षरांसोबत उत्पादनवर्षाचा आकडा ठोकलेला असे. कवचावर ‘५२’ असेल तर तो हब १९५२ साली तयार झाला, इतके निश्चित. रोजच्या वापरातील यंत्रावर त्याची जन्मतारीख कोरलेली असणे हे अभ्यासकाचे भाग्यच. सात दशकांपूर्वीचे आकडे असलेले हब आजही रस्त्यावर फिरताना आढळतात. परंपरेची भिस्त प्रामुख्याने यावरच आहे.

परंतु या पुराव्यात तीन दोष आहेत. एक, आकडा हबचा आहे, सायकलचा नव्हे. चाक एका सायकलचे काढून दुसरीला बसविणे ही नित्याची गोष्ट. दोन, आकडा वय सांगतो, श्रम सांगत नाही. दहा वर्षे वापरून साठ वर्षे अडगळीच्या खोलीत पडून राहिलेला हब सत्तर वर्षांचा खरा, पण तो दहाच वर्षे चाललेला. तीन, आणि हाच दोष सर्वांत मोठा : जे हब मोडले ते भंगारात गेले व साक्ष देण्यास उरले नाहीत. आपल्यापुढे उभे राहणारे सर्व साक्षीदार वाचलेलेच असतात. केवळ वाचलेल्यांची साक्ष घेऊन मृत्यूचे प्रमाण ठरविता येत नाही. जुन्या पोथ्यांविषयी आपण हीच सावधगिरी बाळगतो. जी पोथी उरली ती सर्वांत अधिक वाचली जात होती असे कोणी म्हणत नाही, कदाचित ती कोणी उघडलीच नसेल.

दुसरा पुरावा विक्रमांचा. १९३७ साली फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल-शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या उघड्या गिअरांना प्रथम अनुमती मिळाली व शर्यतीच्या क्षेत्रातून हबचे गिअर हळूहळू मागे पडले. त्याच वर्षी ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लँड्स एंडपासून जॉन ओ’ग्रोट्सपर्यंत, सिड फेरिस यांनी २ दिवस ६ तास ३३ मिनिटांत मजल मारली. त्यांच्या सायकलीला स्टर्मी-आर्चरचा हब होता. याहून विलक्षण उदाहरण टॉमी गॉडविन यांचे. त्यांनी १९३९ या एका वर्षात ७५,०६५ मैल, म्हणजे सुमारे १,२०,८०० किलोमीटर अंतर सायकलीने कापले. दिवसाची सरासरी २०५ मैलांहून अधिक पडते. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले व रात्रीचे दिवे झाकावे लागले, तरी त्यांनी क्रम सोडला नाही. मे १९४० पर्यंत ५०० दिवसांत १,००,००० मैल पुरे केले. वर्षभराच्या अंतराचा त्यांचा विक्रम जानेवारी २०१६ पर्यंत अबाधित होता. त्यांच्या सायकलीसही स्टर्मी-आर्चरचेच गिअर होते.

हा पुरावा प्रभावी आहे; परंतु तोही काटेकोरपणे वाचला पाहिजे. या चालकांना सायकल व गिअर यांच्या उत्पादकांचा आश्रय होता. त्यांची यंत्रे निगुतीने राखली जात आणि गरज पडताच भाग बदलले जात. एकच हब लाख मैल चालला असे यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, ही रचना अखंड श्रमाखाली विश्वसनीय होती, म्हणजे ती दणकट होती. चिवटपणाची व टिकाऊपणाची परीक्षा विक्रमवीराच्या हाती होत नाही. ती होते साधारण माणसाच्या हाती, कारण विक्रमवीर काळजी घेतो आणि साधारण माणूस विसरतो.

तिसरा पुरावा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो आहे अपयशाचा. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यावर याच कारखान्याने ‘एस-डब्ल्यू’ नावाचा तीन गतींचा दुसरा हब काढला. भाग कमी, वजन कमी आणि उत्पादन सोपे, असा त्यामागील हेतू होता. परंतु त्यातील खिट्यांची रचना भरवशाची ठरली नाही. ऐन भारात पकड सुटून पायडल घसरत असे. थोड्याच वर्षांत तो मागे घ्यावा लागला व ए-डब्ल्यू पूर्ववत चालू राहिला. येथे इतिहासाने आपल्यासाठी जणू एक प्रयोगच करून ठेवला आहे. गाव तेच, कारखाना तोच, कामगार तेच, काळ तोच. बदलली फक्त रचना. तरीही परिणाम भिन्न. तेव्हा ‘त्या काळचा मालच चांगला’ किंवा ‘इंग्रजी पोलादच खणखणीत’ ही नेहमीची स्पष्टीकरणे पुरेशी नाहीत. वाचलेल्यांची साक्ष जे सांगू शकत नव्हती, ते एका मेलेल्या नमुन्याने सांगितले.

५. चिवटपणाची कारणे आणि मर्यादा

ए-डब्ल्यूच्या चिवटपणाची कारणे त्याच्या रचनेत शोधता येतात. पहिले कारण वंगणाचे. कवचावर झाकण असलेले एक छोटे छिद्र असे. त्यातून अधूनमधून हलक्या यंत्रतेलाचे काही थेंब सोडावयाचे, एवढीच काय ती निगा. हब पूर्णपणे बंदिस्त नसल्याने तेल हळूहळू बाहेर पाझरे. हा दोष खरा. पण बाहेर येणारे तेल आत शिरू पाहणारी धूळही बाहेर ढकलीत असे. वर्षानुवर्षे पडून राहिलेला हब चालेनासा होतो तो बहुधा दाते झिजल्यामुळे नव्हे, तर जुने तेल चिकट होऊन खिट्या जागीच बसल्यामुळे. रॉकेलसारख्या द्रवाने धुऊन ताजे तेल घातले की असा हब अनेकदा पुन्हा बोलू लागतो. स्वयंपाकाचे तेल घालणाऱ्यांनी मात्र या यंत्राचे सर्वांत अधिक नुकसान केले, कारण ते तेल सुकून राळेसारखे होते.

दुसरे कारण असे की, हे यंत्र बिघडले तरी चालकाला वाटेत सहसा टाकीत नसे. गिअरची तार तुटली तर स्प्रिंग क्लचला वेगवान गतीकडे ढकलते. चढणीवर कष्ट पडतात खरे, पण घर गाठता येते. शिवाय दंतचक्रे, खिट्या व छर्रे सर्व कवचाच्या आत. पाऊस, चिखल, पडझड यांचा मार त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. उघड्या गिअरांची नाजूक यंत्रणा चाकाच्या बाजूस लोंबत असते व सायकल भिंतीला टेकवितानाही वाकू शकते.

मर्यादांचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मधली गती आणि वेगवान गती यांच्या दरम्यान या हबमध्ये एक पोकळ जागा आहे. तार नीट लावलेली नसेल तर क्लच तेथे अडकतो, साखळीचे बळ कोठेच पोहोचत नाही आणि उभे राहून पायडल मारणारा चालक पुढे झोकांडतो. अशा अपघातांचा दोष हबवर येई. खरे कारण मात्र तारेच्या लांबीत असे. मधली गती लावून आसाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून पाहावे; सूचक दांडीची कड आसाच्या टोकाशी बरोबर आली की तार बरोबर लागली. ही तपासणी एका मिनिटाची आहे. परंतु ती ज्याला कोणी शिकविली नाही, त्याच्या हाती तोच हब धोकादायक ठरतो आणि चुकीच्या जागी भार घेणाऱ्या क्लचच्या कडाही गोल होत जातात. दुसरी मर्यादा बळाची. मागील चक्र वाजवीपेक्षा मोठे किंवा पुढील चक्र वाजवीपेक्षा लहान घेतले की प्रत्येक फेऱ्यातील पीळ वाढतो आणि आतल्या दातांवर रचनाकाराने कल्पिलेला नव्हता असा भार पडतो. हब रोजच्या ये-जा करण्यासाठी रचलेला आहे. त्या मर्यादेतच त्याची कीर्ती खरी आहे.

म्हणजे चिवटपणा हा केवळ पोलादात नसतो. काही अंश चालकाच्या ज्ञानात असतो. मधल्या गतीत दांडी तपासावी, यंत्राचेच तेल घालावे, टिकटिक ऐकावी, या तीन गोष्टी घरात वडिलांकडून मुलाकडे जात होत्या तोवर हबही जात राहिला.

६. कारखान्याचा अंत आणि वस्तूचे सातत्य

टिकाऊपणाचा शेवटचा घटक याहूनही अधिक सामाजिक आहे, आणि तो समजण्यासाठी नॉटिंगहॅमच्या कारखान्याचे काय झाले हे पाहावे लागते. या कारखान्याच्या जीवनाचे चित्र वाङ्मयातही उमटले आहे. तेथे किशोरवयात काम केलेल्या अ‍ॅलन सिलिटो यांची १९५८ सालची कादंबरी ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ हिचा नायक अशाच कारखान्यात लेथवर उभा राहून नगाप्रमाणे मजुरी मिळवितो. १९६० च्या चित्रपटाचे काही चित्रणही त्याच कारखान्यात झाले. जे हब आपण टिकाऊ म्हणून गौरवितो, ते अशा कंटाळलेल्या, घड्याळाकडे पाहत काम करणाऱ्या हातांनी घडविलेले होते. यातही एक बोध आहे. कारागिराच्या प्रेमावर अवलंबून असलेले यंत्र लक्षांच्या संख्येने निघू शकत नाही. ज्याची रचना कामगाराचा कंटाळाही सोसते, तेच निघते.

१९६० साली रॅले टी. आय. उद्योगसमूहात गेली, १९८७ साली डर्बी सायकल या कंपनीकडे आली. २००० साली स्टर्मी-आर्चरचा विभाग वेगळा विकला गेला. घेणारी संस्था काही महिन्यांतच कोसळली आणि नॉटिंगहॅममधील उत्पादन थांबले. तैवानच्या सनरेस कंपनीने नाव, आराखडे व यंत्रसामग्री विकत घेतली व २००१ पासून तेथे हब तयार होऊ लागले. २००२ साली नॉटिंगहॅममधील सायकल-उत्पादनही संपले. जेथे कारखाना होता त्या जागेच्या एका भागावर १९९९ पासून नॉटिंगहॅम विद्यापीठाचा ज्युबिली परिसर उभा आहे. जेथे हब घडले तेथे आता व्याख्याने होतात. तैवानमधील तीन गतींच्या हबमध्ये ती जुनी पोकळ जागा काढून टाकण्यात आली आहे.

एवढ्या उलथापालथीनंतरही जुने हब चालू राहिले याचे कारण त्यांच्या भागांची परस्परपूरकता. ए-डब्ल्यूची मूलभूत मापे अनेक दशके जवळजवळ बदलली नाहीत. १९५० च्या हबमधील झिजलेली खिटी काढून १९८० च्या हबमधील खिटी बसविता येते. प्रत्येक स्प्रिंग, प्रत्येक खिटी, प्रत्येक छर्‍यांचे कडे स्वतंत्र क्रमांकाने विकत मिळत असे. त्यामुळे प्रत्येक मेलेला हब हा जिवंत हबांसाठी भागांचे कोठार ठरला. येथे आपल्या मूळ शंकेचेही निरसन होते. भंगारात गेलेले हब केवळ साक्षीतून वगळले गेले असे नव्हे. त्यांचे अवयव वाचलेल्यांच्या पोटात आहेत. सत्तर वर्षांचा म्हणून दाखविला जाणारा हब बहुधा अनेक हबांचा मिळून झालेला असतो. कवचावरचे वर्ष तेवढे एकाचे.

आजचे हब याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहेत. जर्मनीतील रोलॉफ कंपनीचा १९९८ साली आलेला १४ गतींचा हब तेलात बुडालेल्या दंतचक्रांवर चालतो. त्याची एकूण व्याप्ती ५२६ टक्के असून दर ५,००० किलोमीटरांनी अथवा वर्षातून एकदा तेल बदलावे असे उत्पादक सांगतो. तो विलक्षण दणकट आहे, परंतु महागही आहे व गंभीर दुरुस्तीसाठी तो उत्पादकाकडे जातो. जपानच्या शिमानो कंपनीचे सात-आठ गतींचे हब रोजच्या सायकलींत विपुल आढळतात. त्यांच्या अंतर्भागातील बिघाडावर सर्वसाधारण उपाय म्हणजे एकेक भाग नव्हे, तर संपूर्ण अंतर्यंत्रच बदलणे. जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे १९०३ साली ‘टॉर्पेडो’ हबने सुरू झालेली फिख्टेल आणि झाक्स यांची परंपरा १९९७ साली अमेरिकन कंपनीकडे गेली आणि पुढे तिने गिअरांचे हब काढणेच बंद केले. ज्यांच्याकडे ते हब आहेत त्यांचा टिकाऊपणा आता पोलादावर नव्हे, तर उरलेल्या सुट्या भागांच्या साठ्यावर अवलंबून आहे.

७. उपसंहार

आरंभीचे दोन प्रश्न आता पुन्हा घेता येतील. दणकटपणावाचून टिकाऊपणा संभवत नाही, हे एस-डब्ल्यूच्या अपयशाने दाखविले. परंतु दणकटपणा व चिवटपणा दोन्ही असूनही टिकाऊपणा येईलच असे नाही. त्यासाठी सुटे भाग मिळावे लागतात, ते उघडून बसविता यावे लागतात, आणि कसे बसवावे हे सांगणारे कोणी असावे लागते. टिकाऊपणा हा वस्तूचा गुण म्हणून आपण बोलतो. प्रत्यक्षात तो वस्तू, उत्पादक, दुरुस्ती करणारा आणि वापरणारा या चौघांमधील संबंध आहे. त्यांतील एक जरी निघून गेला, तरी दात न झिजलेले यंत्रही निकामी होते.

शेवटी माझ्या विषयातील एक निरीक्षण नोंदवितो, केवळ अनुमान म्हणून. ‘टिकणे’ या धातूपासून मराठीने टिकाऊ हे विशेषण सहज घडविले. ‘विकणे’ या धातूपासून विकाऊही घडविले. परंतु ‘जे दुरुस्त करता येते ते’ या अर्थाचे बोलीतले, घरगुती विशेषण आपल्याकडे नाही. दुरुस्तीयोग्य हा शब्द कचेरीतला आहे. तो कोणी सायकलच्या दुकानात उच्चारीत नाही. याचे कारण शब्ददारिद्र्य असावे असे मला वाटत नाही. ज्या समाजात छत्री, कुलूप, स्टोव्ह, घड्याळ, सायकल सर्व काही दुरुस्त होतच असे, तेथे तो गुण निराळ्या शब्दाने सांगण्याची गरज पडली नाही. एखादा गुण सर्वांत असतो तोवर भाषा त्याला नाव देत नाही. तो काही वस्तूंतच उरला की नाव लागते. विल्यम रायली यांचे नाव त्यांच्या हबवर कधी आले नाही, आणि त्या हबच्या सर्वांत मोठ्या गुणालाही आपल्या भाषेत नाव नाही. पहिली उणीव संशोधनाने भरून येत आहे. दुसरी भरून काढण्यासाठी शब्द घडवावा लागेल. परंतु त्याआधी तसे यंत्र घडत राहिले तर ती उणीव न भरलेलीच बरी.